आणखी एक व्यक्ती

एनेइदाकाकूंचा कॉम्प्युटर इतका जुना होता की नवी सिस्टिम त्याला पाहताच नकार द्यायची. ओस्मेल तिला फसवून आत घुसवायचा. सिएनफ्वेगोस शहरात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करताना गेली कित्येक वर्षं तो हेच करत होता, आणि आता त्याला फसवण्याचाही कंटाळा आला होता.

जुन्या सिस्टिमवर व्हिडिओ कॉल लागेनासा झाला होता, आणि आज माद्रिदहून मुलगी काकूंना नवी नात दाखवणार होती.

“डिस्कसुद्धा कोरी घातलीय काकू, पनामाहून आलेली. आता बंद करून चालू केला की झालं.”

“सकाळपासून हेच ऐकतेय.”

ओस्मेलने बटण दाबलं. पडद्यावर सूचना आली : या कॉम्प्युटरवर आणखी एक व्यक्ती काम करत आहे. आत्ता बंद केल्यास तिचं काम वाया जाईल.

त्याने वापरणाऱ्यांची नावं पाहिली. एकच होतं, एनेइदा. त्यानेच मघाशी घातलेलं. इंटरनेटची वायर काढली, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच.

“जेवायला हाक मारली की इरेनियो याच्यापुढे असाच अडून बसायचा,” काकू म्हणाल्या.

“काका जाऊन चार वर्षं झाली, काकू.”

“मला सांगतोस? कर बंद. पोर वाट बघतेय.”

ओस्मेलने वैतागून कॉम्प्युटरच्या डब्याचा आणि पडद्याचा, भिंतीतले दोन्ही प्लग उपटले. डब्यातला पंखा घरघरत थांबला. पडदा मात्र उजळलेलाच राहिला, आणि त्यावरची सूचना बदलली : काम पूर्ण झालं. आता बंद करायला हरकत नाही.

“नको करूस,” काकू म्हणाल्या.