फोटोचं कुलूप

धाकटा साडू कारखान्यात सेफ्टी ऑफिसर झाला, तेव्हापासून फिटरच्या पोटात दुखत होतं. घरी बायकोसुद्धा त्याचेच गोडवे गायची.

पत्रा दाबणारी अवाढव्य प्रेस साफ करायला आत शिरणाऱ्याने, तो बाहेर येईपर्यंत कुणी ती चालू करू नये म्हणून, आपला फोटो लावलेलं कुलूप मेन स्विचला अडकवायचं, हा साडूचाच नियम. आज एक कुलूप तसंच लटकत राहिलं आणि काम अडलं.

"आलाय मोठा शहाणा!" असं पुटपुटत फिटरने फोटोकडे न बघताच ते कटरने तोडलं.

"दादा, आत बघितलंत ना? कुणी नाही ना?" बटणापाशी येत साडूने विचारलं.

"चिटपाखरूसुद्धा नाही!"

साडूचं बोट बटणाकडे वळलं. फिटरची नजर हातातल्या तुटक्या कुलपावर गेली. फोटो त्याचा स्वतःचाच होता. त्याने खिसा चाचपला. त्याचं कुलूप तर खिशातच होतं.

"थांब!" म्हणायला त्याने तोंड उघडलं.

त्याचाच आवाज प्रेसच्या आतून आला.