टिकटिकणारा अळू

झाडं मातीतली किरणोत्सर्गी द्रव्यं कशी शोषतात, हे शोधण्यातच सौमित्रचा सिंगापुरातला दिवस जायचा. रविवारी बिशान भागातल्या आपल्या फ्लॅटवर अळूवड्या हाणून झाल्यावर त्यानं गंमत म्हणून किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र सासूबाईंच्या अळूच्या कुंडीवर धरलं.

टिकटिक. टिकटिक.

त्यानं झटकन पडद्यावर पाहिलं. आकडा मात्र शून्य! त्यानं यंत्र बंद केलं, सेल काढले. टिकटिक चालूच.

लेक गार्गी सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, मशीन नाही लाह! पानं वाजतायत."

"वड्या उकडतानाही पातेल्यात हेच चाललं होतं," आतून सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, परदेशातला अळू, करत असेल! चिंच भरपूर लावलीय हो. घशाला खाजत नाही ना?"

'नाही' म्हणायला सौमित्रनं तोंड उघडलं आणि टिकटिक मोठी झाली, त्याच्याच घशातून.