वाघीण जिंकली

बायको हॉस्पिटलात वारली, त्या सकाळीच तिच्या कुस्तीच्या शोचा मालक डोळे पुसत दारात आला. इतकी वर्षं मुखवटा घालून ती त्याची 'वाघीण' झाली होती. त्याने ठरवून दिलेली प्रत्येक कुस्ती ती हरली. बरगड्या मात्र खऱ्याच मोडल्या.

"वहिनी म्हणजे माझी सख्खी बहीणच हो, भाऊ. फक्त बातमी कुठे टाकू नका. शनिवारी वाघीण म्हणून दुसरी उतरतेय. तेवढा मुखवटा द्या, कंपनीचा आहे."

मुखवटा मी त्याच्या अंगावर फेकला आणि बायकोचा मुखवट्याविना फोटो लावून 'वाघीण गेली' अशी बातमी फेसबुकवर टाकलीच. शनिवारी वाघीण पहिल्यांदा जिंकली.

फोटोखाली लोक विचारतायत, "काका, ही बाई कोण? वाघीण तर काल जिंकली की."

ती गेली, हे अजून एकालाही पटवता आलेलं नाही.