नणंदेचं नेट

“वहिनी, माझं नेट घ्या की,” नणंद म्हणाली आणि वहिनीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

“नको गं. तसं काही काम नाही.”

काम होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात सासूबाईंना मोतीबिंदूसाठी आत नेलं होतं, बाहेर बाकावर या दोघी, आणि नेमका आजच वहिनीचा नेटपॅक संपला होता. दुकान दुपारचं बंद व्हायच्या आत विसार पोचला नाही, तर भरतकामाचं ते मशीन दुसरं गिऱ्हाईक उचलणार होतं. पडदे शिवून, उशांचे अभ्रे शिवून, लोकांच्या पँटी आखूड करून वहिनीने ते पैसे स्वतःच्या खात्यात साठवले होते आणि घरात कुणाला त्याचा वास लागू दिला नव्हता. दिसलेला पैसा त्या घरात टिकत नसे. नवऱ्याला लगेच गाडीचे टायर आठवत.

नणंद म्हणजे तर साक्षात दुर्बीण. हे नाव वहिनीने तिला मनातल्या मनात ठेवलं होतं. नवा डबा आला की झाकण उघडून बघणार, कपाट उघडं दिसलं की डोकावणार, पार्सल कुणाचं आलं हे पार्सल आणणाऱ्यालाच विचारणार. तिचं नेट वापरायचं? वहिनीचा विचार सरळ होता. दुसऱ्याच्या नळाचं पाणी घेतलं की किती बादल्या भरल्या हे त्याला कळणारच. खात्यात किती, त्यातले गेले किती, कुणाला गेले, सगळं हिच्या फोनवर उमटणार. आणि हिला कळलं की संध्याकाळच्या आत हिच्या दादाला.

तेवढ्यात वहिनीच्या फोनने आपणहून विचारलं. पडद्यावर दवाखान्याचं नाव होतं आणि त्यापुढे ‘मोफत वायफाय’. ना पासवर्ड, ना कुणाचे उपकार. वहिनीला हायसं वाटलं. तिने बोट टेकवलं.

“पैसे पाठवताय का कुणाला?” नणंदेने मान लांब केली.

“मेसेज बघतेय.”

“मग पाठ कशाला फिरवली?”

“उजेड येतोय डोळ्यांवर.”

उजेड दुसऱ्याच बाजूला होता. वहिनी बाकाच्या टोकाला सरकली, दोघींच्या मध्ये पर्स उभी केली आणि तळहाताचा आडोसा धरला. एक पान उघडलं होतं. पुढे जाण्यासाठी आपली बँक निवडा. बँकांची चिन्हं ओळीने मांडलेली, त्यात तिच्या बँकेचंही. दवाखान्यात लोक बिलं भरतात, त्यांच्यासाठी केली असेल सोय. तिने आपलं चिन्ह दाबलं. नाव भरलं. पासवर्ड भरला, अंग चोरून, एकेक अक्षर. मेसेजमध्ये आलेला आकडाही भरला. मधेच नणंद जांभई द्यायला या बाजूला वळली, तेव्हा वहिनीने फोन पोटाशी घेतला. पाकीटमारावर ठेवावी तशी तिने नणंदेवर नजर ठेवली होती.

पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं आली, ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’.

वहिनी उठून काउंटरपाशी गेली. “अहो, तुमचं वायफाय फारच रेंगाळतंय. जरा बघता का?”

काउंटरवरच्या बाईने चष्म्यावरून पाहिलं. “आमचं? ताई, आमच्याकडे वायफाय नाहीच.”

वहिनीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. दवाखान्याचं नाव तसंच होतं, अगदी बरोबर लिहिलेलं. त्याच्यावर बँकेचा मेसेज आला, खराखुरा. तिच्या खात्यातून पैसे पाठवण्यासाठी एक नवं नाव जोडलं जात होतं. ते नाव तिने जन्मात ऐकलं नव्हतं. आधी काय करायचं तेच सुचेना.

कुणीतरी तिच्या कानाला फोन लावला. पलीकडे रिंग वाजत होती. नणंद केव्हा मागे येऊन उभी राहिली, तिला कळलंच नव्हतं.

“आपली बँक आहे, बोला. आधी खातं बंद करायला सांगा,” नणंद म्हणाली. “मी लांब जाते. तुमचे नंबर-बिंबर मला ऐकायचे नाहीत.”

आणि ती खरंच गेली. भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

बँकेतल्या आवाजाने बरंच काही विचारलं आणि शेवटी सांगितलं की पैसे निघालेले नाहीत, वेळेत कळवलंत. खातं मात्र आता बंद राहील. शाखेत या, सगळं नव्याने करून घ्या, मग उघडू.

वहिनीने दोन्ही हातांनी फोन परत केला. पैसे राहिले होते. मशीन गेलं होतं. हे दुःख सांगायची काही सोय नव्हती, म्हणून ती नुसतीच म्हणाली, “बाई गं, घसा सुकला.”

“पाणी मग प्या. सकाळी गच्चीवर जाऊन ज्याच्याशी कुजबुजत होतात ना, त्या दुकानदाराला फोन करा आधी. म्हणावं, विसार नणंदेच्या खात्यातून येतोय, मशीन कुणाला देऊ नका.”

“कुठलं मशीन?” वहिनी सवयीने म्हणून गेली.

नणंदेने फोनमधून डोळे वर केले नाहीत. ती आपलं नेट चालू आहे का ते बघत होती.

“बाजारात गेलो की त्याच दुकानाच्या काचेसमोर तुमच्या चपलेत खडा जातो, वहिनी. इतकी वर्षं झाली. दादाला एकदा तरी बोलले का मी?”