वाचा

कुशाबाची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. महाडचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूला झटका बसलाय, धीर धरा." पण त्याच्या बायकोने, राहीबाईने, धीर तरी किती धरायचा? "पाणी देऊ? भाकरी देऊ?" असं तिने विचारलं की कुशाबा "त... त..." करत अडकायचा. मग ती आणखी जोरात विचारायची, आणि तो डाव्या हाताने पेला उडवून द्यायचा. शेजारच्या ठकूबाईनेही त्याच्या कानाशी तोंड नेऊन हाका मारून पाहिल्या. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

एका दुपारी राहीबाई वैतागून भात कांडायला लागली. मुसळाच्या ठेक्यावर सवयीने गाणंही तोंडात आलं, तर मागून दुसरा आवाज तिला साथ देऊ लागला. शिवथरच्या भजनात जन्मभर पखवाज वाजवलेला कुशाबा मांडीवर ठेका धरून गात होता, आणि त्याचा शब्द न् शब्द स्पष्ट होता.

राहीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "गाण्याला तोंड हाय, आन माज्याशी बोलाया नाय?"

कुशाबा पुन्हा "त... त..." वर आला. त्याचे डोळे भरले. तिने घाईघाईने मुसळ उचललं आणि त्याच ठेक्यात, त्याच चालीत विचारलं, "काय पायजे तुमाला, सांगा की मला?"

कुशाबाने मांडीवर थाप दिली आणि चालीतच उत्तर दिलं, "वरडू नको गो, वरडू नको गो, मला आयकू येतं."