हलेल ते धाकट्याचं

धाकट्याने पहार खाली घातली, अंगाचा भार टाकला आणि करवतीच्या मशीनचा एक कोपरा चार बोटं उचलला.

"दादा, ठोकळा."

थोरल्याने ठोकळा सरकवला. मशीन त्यावर टेकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. ती सवय केव्हाच मोडली होती.

वाटणी मामांनी करून दिली होती. मामांना चहा निवायच्या आत निकाल लावायची खोड. घर आणि घरातलं जे हलत नाही ते थोरल्याचं, हलेल ते धाकट्याचं. वडील, म्हणजे अण्णा, तेव्हा आतल्या खोलीत होते, पण अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नसे. धाकट्याने मान डोलावली. मग घरामागच्या शेडमध्ये जाऊन पाहिलं, तर तिन्ही मशिनी फरशीत बोल्ट मारून बसवलेल्या. अण्णांनीच बसवल्या होत्या, जन्मात हलू नयेत म्हणून. धाकट्याच्या वाट्याला एक हातोडी, दोन पटाशा आणि झाडू आला होता.

त्याने गाळा घेऊन ठेवला होता. मशिनी नसतील तर पुन्हा दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याच्या फळ्या रंधत बसायचं. त्याने मामांना फोन केला.

"मशिनी हलतात की नाही, तेवढं सांग," मामा म्हणाले.

"हलतील."

"मग तुझ्या. मी येऊन बघतो."

म्हणून त्याने बोल्ट कापले, लोखंडी अँगलच्या चौकटी बांधल्या आणि एकेका मशीनखाली चार-चार चाकं बसवायला घेतली. थोरला भांडायला येईल असं वाटलं होतं. तो बाह्या सरसावून मदतीला आला. याचं धाकट्याला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "आजवर आमच्याकडे वाट्या-चमच्यांना पाय फुटायचे. आता मशिनींनाही फुटले."

"पाय नाहीत वहिनी, चाकं आहेत."

"आणि चाकं लागलेलं परत येतं का हो, भावजी?"

"नाही येत."

"बरं," म्हणून ती आत गेली.

थोरल्याने एक चाक हातात घेऊन फिरवलं. "वजन किती घेतं हे?"

"रंधा मशीन घेतं, म्हणजे काहीही घेईल."

"ब्रेक?"

"दोन चाकांना आहेत. उतार असला की लावायचे, नाहीतर मशीन तुझ्याआधी गावाला पोचायची."

थोरला हसला नाही. ब्रेक दाबून, सोडून, परत दाबून पाहत बसला.

"दोन फिरती आणि दोन सरळ का?"

"चारही फिरती असली की दारातून नेताना दारुड्यासारखी जाते. आणि ढकलायचं खालून. वरून जोर लावला की कोलमडलीच."

"आणि उंबरा आला तर?"

"फळी टाकायची. धक्का नको बसायला."

आतून भिंतीवर अण्णांची काठी वाजली. थोरला उठून गेला. बऱ्याच वेळाने आला, तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि साबणाचा वास येत होता. रोजचंच होतं. धाकट्याने तोवर दोन नट आवळले होते.

"तुझ्या गाळ्याला पायऱ्या आहेत का रे?"

"नाहीत. पायऱ्यांवरून मशिनी काय खांद्यावर घेऊन जाऊ?"

"आणि तू राहतोस कुठे?"

"मागेच खोली आहे. एकाच पातळीला."

"खिडकी आहे?"

"आहे एक. का?"

"सहज विचारलं. लाकडाला हवा लागते."

रविवारी ट्रक आला, मामाही आले. फाटकाशी खुर्ची टाकून बसले. वहिनीने त्यांच्या हातात चहा दिला.

करवतीची मशीन फळीवरून ट्रकमध्ये चढली.

"हलली," मामा म्हणाले. "धाकट्याची."

मग उंच पट्टाकरवत गेली. खालूनच ढकलली. शेवटी रंधा मशीन. दर वेळी मामा "हलली" म्हणाले आणि एक घोट घेतला. थोरला कधीच आत निघून गेला होता.

धाकट्याने ट्रकचा मागचा फाळका वर उचलला आणि साखळी हातात घेतली.

"थांब, लावू नकोस," आतून थोरल्याचा आवाज आला.

दारातून खाट बाहेर आली. खाली अँगलची चौकट, चार चाकं, दोन फिरती, दोन सरळ. वहिनी वाकून खालून ढकलत होती, थोरला पुढून दिशा देत होता. उंबऱ्यावर फळी टाकलेली होती. धक्का बसला नाही. खाटेवर अण्णा होते. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, छातीवर औषधांची पिशवी.

थोरल्याने खाट ट्रकपाशी आणली आणि दोन्ही ब्रेक पायाने दाबले.

मामांनी अण्णांकडे पाहिलं. चाकांकडे पाहिलं. कपात एक घोट उरला होता, तो घेतला.

"हलले," मामा म्हणाले.