बाजारातला कोलू

"बहिष्कार," मुरली म्हणाला. "रविवारीं कोणींच आंत जायचें नाहीं. झालें."

गायत्रीने फोन कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, सर्वांत खालच्या पायरीला टेकवून ठेवला होता. वर सात पायऱ्या भरून बाहुल्या, खाली गायत्री, तिचा थोरला भाऊ मुरली आणि हरभऱ्याच्या सुंडलची वाटी. फोनवर सुंदर होता, तिरुवैयारूहून.

'सप्तबंदर' हा त्यांचा ऑनलाइन खेळ. होड्या घेऊन सात बंदरं फिरायची, बाहुल्या, शिडं, दागिने मिळवायचे आणि वाटलं तर दुसऱ्याला देऊन टाकायचे. हे देणंच सोमवारपासून बंद होणार होतं. कंपनीने जाहीर केलं होतं की यापुढे हातातून हातात काही द्यायचं नाही. जे काही व्हायचं ते कंपनीच्या बाजारात, कंपनीच्या भावाने.

गायत्रीचा जीव अडकला होता तो भांडारात. 'मेलवीदी मंडळी' हा त्यांचा चमू. मेलवीदी गल्लीतल्या या घरातच सुरू झाला म्हणून ते नाव. चमूने चार वर्षं साठवलेलं एक सामाईक भांडार होतं. नव्या खेळाडूने लागेल ते उचलावं, जमेल तेव्हा परत ठेवावं. किल्ली गायत्रीकडे. कॉलेजच्या वर्गात तोंडातून शब्द न काढणाऱ्या या मुलीला तिथे चारशे माणसं अक्का म्हणत. सोमवारी त्या भांडाराला कायमचं कुलूप लागणार होतं.

"रविवारीं संध्याकाळीं कंपनी नवा बाजार साऱ्या जगाला दाखवणार," मुरली म्हणाला. तो सहकारी बँकेत होता आणि कुठलीही गोष्ट अर्ज भरल्यासारखी बोलायचा. "त्याच वेळीं बाजार ओस पडला पाहिजे. बाकीचे चमू आपल्याकडेच पाहून आहेत. आपण नाहीं गेलों तर कोणी जाणार नाहीं."

ही सगळी खलबतं ते तमिळ मुलुखात पिढ्यानपिढ्या जपलेल्या आपल्या घरच्या मराठीत करत. कल्पना सुंदरची. कंपनीची माणसं कान देऊन बसलेली असतात, तमिळ आणि इंग्रजी त्यांना कळतं, आपली भाषा कोणाला कळणार, असं तो म्हणाला होता. सगळ्यांना ते एकदम पटलं.

सुंदरला चमूत येऊन चारच महिने झाले होते. पण घेण्याआधी वेंकूबाई आत्याने फोनवरच त्याची उलटतपासणी केली होती. कोणाचा, कुठल्या घरचा, आजी कुठली. तिसऱ्या प्रश्नाला आजी आत्याच्या सासरच्या नात्यातली निघाली. मग आणखी काय विचारणार? मेलवीदीत याहून मोठं ओळखपत्र नाही.

"एक मिनिट हां," सुंदर म्हणाला. "दुसरा फोन वाजतोय."

तो परत आला तो वेगळ्याच उत्साहात. "गायत्री, कोलू पाहायला आलेल्या माणसाला रिकाम्या हातीं पाठवतात कां?"

"आत्या पाठवूं देईल?"

"मग तेंच करूंया. बाजाराच्या पायऱ्यांवर कोलू मांडायचा. भांडारांतलें सगळें काढून. वर पाटी लावायची, विकायचें नाहीं. येईल त्याला तांबूल म्हणून एकेक वस्तू द्यायची. त्यांच्याच बाजारांत, त्यांच्याच डोळ्यांदेखत."

गायत्री ताडकन उठून बसली. पायरीवरची तलैयाट्टी बाहुली त्या धक्क्याने मान डोलवू लागली.

"पण लोक आंत आले तर कंपनीचेंच फावेल," मुरली म्हणाला.

"ओस बाजारांत आपला राग कोणाला दिसणार, अण्णा?" सुंदरने विचारलं.

"सरि, सरि," मुरली मान हलवत म्हणाला आणि सुंडलची वाटी ओढून घेतली.

रविवारी सहा वाजता गायत्रीने पहिली बाहुली मांडली. साडेसहाला पायऱ्या भरल्या. मग दुसरे चमू आपापला माल घेऊन आले आणि कोलू बाजारभर पसरत गेला. केरळची माणसं आली, श्रीलंकेची आली. कोलू म्हणजे काय हेही ठाऊक नसलेली आली आणि रांगेत उभी राहिली. आठ वाजता चौकात अकरा हजार माणसं होती. कोणीच काही विकत नव्हतं, जो तो देत होता. गायत्री इतकी खूश होती की तिला मध्येच रडू आलं. बहिष्काराचा अर्जदार मुरली स्वतः आरोळ्या देऊन लोकांना आत बोलावत होता. वेंकूबाई चष्मा लावून पडद्याजवळ बसली आणि सारखी विचारत राहिली, "आलेल्यांना सगळ्यांना दिलेंस कां ग?"

नऊला कंपनीचा कार्यक्रम संपला. पायऱ्यांवर एकच वस्तू उरली होती, सोन्याची तलैयाट्टी बाहुली. गायत्रीने तीन वर्षं होड्या हाकून मिळवलेली. सगळ्या खेळात तशा चार.

"सुंदरअण्णा, ही तुला," ती म्हणाली.

"मला नको, गायत्री. तूंच ठेव."

"तांबूल कोणी नको म्हणतें कां? तुझ्यामुळें झालें हें सगळें."

"घे रे बाळा," मागून वेंकूबाई म्हणाली. "आपल्या घरचाच तूं."

सुंदरने बाहुली घेतली. सगळ्यांना नमस्कार सांगितला, वेंकूबाईला दोनदा, आणि फोन बंद केला. पडद्यावर त्याच्या हातात ती बाहुली मान डोलवत होती. तो जरा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने दुसरा फोन उचलला आणि चेन्नईला, कंपनीच्या कचेरीत, इंग्रजीत लिहिलं, "बहिष्कार झाला नाही, सर. नऊपर्यंत सगळे आतच होते. उद्या भांडार बंद करायला हरकत नाही."